कॉलेजच्या पाटीवरचे ‘ए प्लस’ कसे तपासायचे? नॅक, एनआयआरएफ आणि एनबीए समजून घेऊन प्रवेश ठरवण्याची पद्धत

बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि चौकातले फ्लेक्स कॉलेजांच्या जाहिरातींनी भरून जातात. ‘नॅक ए प्लस’, ‘एनआयआरएफमध्ये स्थान’, ‘एनबीए मानांकित अभ्यासक्रम’, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. पालक हे शब्द वाचतात, शेजारच्या कॉलेजच्या शब्दांशी ताडून बघतात आणि चार वर्षांची फी कुठे भरायची ते ठरवतात. यातल्या बहुतेक दाव्यांमागची माहिती सार्वजनिक आहे आणि मोबाइलवरही वाचता येते. ती उघडून पाहणारे घर मात्र क्वचितच भेटते.

मी एका संलग्न महाविद्यालयात शिकवतो आणि काही वर्षे तिथल्या आयक्यूएसीचे, म्हणजे नॅकची सगळी कागदपत्रे तयार करणाऱ्या कक्षाचे, काम पाहिले आहे. या आकड्यांतले काय विद्यार्थ्याच्या कामाचे आणि काय फक्त पाटीच्या कामाचे, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: श्रेणी आणि क्रमांक यांच्यावर थांबू नका. ज्या तक्त्यांवरून ते निघाले ते तक्ते वाचा, आणि तेही आपल्याला हव्या असलेल्या शाखेपुरते वाचा.

आपली उच्चशिक्षण व्यवस्था अवाढव्य आहे. केंद्राच्या २०२१-२२ च्या सर्वेक्षणानुसार देशात १,१६८ विद्यापीठे आणि ४५ हजारांहून अधिक महाविद्यालये होती. महाविद्यालयांच्या संख्येत उत्तर प्रदेशानंतर महाराष्ट्राचाच नंबर, सुमारे ४,७००. एवढ्या गर्दीत ओळखीच्यांनी सांगितले म्हणून कॉलेज निवडणे धोक्याचे आहे.

आधी तिघांतला फरक

नॅक ही विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये स्थापन केलेली संस्था. मुख्यालय बंगळुरूला. ती पूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते आणि ए प्लस प्लसपासून सीपर्यंत श्रेणी देते. नॅकमध्ये कॉलेजांची एकमेकांशी स्पर्धा नसते. निकष पूर्ण केले तर शंभर कॉलेजांनाही ए मिळू शकतो.

एनआयआरएफ ही केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची क्रमवारी. २०१५ मध्ये तिची घोषणा झाली, पहिली यादी २०१६ मध्ये आली. इथे क्रमांक लागतात, त्यामुळे एक वर चढला की दुसरा खाली येणारच.

एनबीए, म्हणजे राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ, संपूर्ण कॉलेजकडे पाहत नाही. ते एकेक अभ्यासक्रम तपासते, आणि तेही अभियांत्रिकी, व्यवस्थापन, फार्मसी अशा व्यावसायिक शिक्षणातले. एकाच कॉलेजात मेकॅनिकलला एनबीए असते आणि शेजारच्या इमारतीतल्या एआय-डेटा सायन्सला नसते, हे अगदी नेहमीचे आहे.

या तिघांपैकी कोणीही ‘पदवी वैध आहे’ असा दाखला देत नाही. ते काम वेगळे आहे आणि तिथूनच सुरुवात करायची.

पायरी १: पदवी कोण देणार?

पदवी देण्याचा अधिकार फक्त कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. म्हणून पहिला प्रश्न हा: माझ्या पदवी प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचे नाव येणार? उत्तर मिळाले की ते नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधा. त्याच संकेतस्थळावर बोगस विद्यापीठांचीही यादी असते. नागपूरच्या एका ‘विद्यापीठा’चे नाव त्या यादीत कित्येक वर्षे आहे.

मग त्या शाखेच्या नियामक संस्थेची मान्यता पाहा. अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनासाठी एआयसीटीई, फार्मसीसाठी फार्मसी कौन्सिल, विधीसाठी बार कौन्सिल, बीएडसाठी एनसीटीई, वैद्यकीयसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग. मान्यता चालू शैक्षणिक वर्षाची आहे ना आणि त्यात आपल्या शाखेची मंजूर प्रवेशसंख्या लिहिली आहे ना, एवढे बघा. राज्यातल्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश, प्रक्रियेत असलेल्या कॉलेजांची ही माहिती सीईटी सेल आणि तंत्रशिक्षण संचालनालयाच्या यादीत संस्थेच्या कोडसह मिळते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी घ्यायची असेल तर विद्यापीठ मान्यताप्राप्त असणे पुरेसे नाही. तो विशिष्ट अभ्यासक्रम त्या वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत असावा लागतो.

या पायरीत अडखळलेले कॉलेज पुढे तपासत बसू नका.

पायरी २: नॅकचे प्रमाणपत्र कोणाचे आणि कधीपर्यंतचे

कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘नॅक’ किंवा ‘आयक्यूएसी’ असा भाग असतो. तिथे प्रमाणपत्राची प्रत असते. तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, नाव. आपल्याकडे एका शिक्षण संस्थेची दहा-बारा कॉलेजे असतात. संस्थेच्या जुन्या कला-वाणिज्य महाविद्यालयाला ए मिळालेला असतो आणि त्याच आवारातल्या नव्या व्यवस्थापन कॉलेजच्या फ्लेक्सवर तो झळकतो. प्रमाणपत्रावर ज्या महाविद्यालयाचे नाव छापले आहे, श्रेणी त्याचीच. हेच विद्यापीठांबाबत. पुणे किंवा मुंबई विद्यापीठाची श्रेणी ही विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांच्या कामावर मिळालेली असते. त्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या शेकडो कॉलेजांना ती आपोआप लागू होत नाही.

दुसरी, मुदत. श्रेणी साधारण पाच वर्षे चालते; सलग आवर्तनांत, म्हणजे मूल्यांकनाच्या फेऱ्यांत, सर्वोच्च श्रेणी टिकवणाऱ्यांना सात वर्षे मिळतात. मुदत संपल्यावर ती श्रेणी मिरवता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नॅकने फरीदाबादच्या अल फलाह विद्यापीठाला कारणे दाखवा नोटीस दिली ती यावरूनच: त्याच्या अभियांत्रिकी आणि शिक्षणशास्त्र महाविद्यालयांना पूर्वी मिळालेल्या ए श्रेणींची मुदत २०१८ आणि २०१६ मध्येच संपली होती, तरी संकेतस्थळावर त्या तशाच झळकत होत्या. अशी उदाहरणे आपल्या आसपासही आहेत, फक्त बातमी होत नाही. प्रमाणपत्रावर ‘अमुक तारखेपर्यंत वैध’ ही ओळ शोधा आणि ती आजच्या तारखेशी जुळवा.

तिसरी, आवर्तन. पहिल्या आवर्तनातले कॉलेज आणि चौथ्या आवर्तनातले कॉलेज यांची श्रेणी सारखी दिसली तरी दुसऱ्याने वीसेक वर्षे आपले कामकाज बाहेरच्यांसमोर मांडलेले असते. मागच्या आवर्तनातला गुणांकही पाहा. ३.२ वरून २.६ वर आलेले आणि २.२ वरून २.६ वर गेलेले कॉलेज एकसारखे नसते.

पायरी ३: श्रेणी फोडून बघा

इथे थोडा वेळ द्या, कारण खरी माहिती इथे आहे.

नॅक ४ पैकी गुण देते. ३.५१ पासून पुढे ए प्लस प्लस, ३.२६ ते ३.५० ए प्लस, ३.०१ ते ३.२५ ए, २.७६ ते ३.०० बी प्लस प्लस, २.५१ ते २.७५ बी प्लस, २.०१ ते २.५० बी, १.५१ ते २.०० सी. त्याखाली डी, म्हणजे अधिस्वीकृती नाही. ३.०१ आणि ३.०० यांत एका शतांशाचा फरक आहे, पण पाटीवर एक ‘ए’ होतो आणि दुसरा ‘बी प्लस प्लस’. म्हणून अक्षर सोडून आकडा विचारा.

हा आकडा सात निकषांवरून निघतो. पदवीपर्यंतच्या संलग्न महाविद्यालयासाठी १,००० पैकी वजने अशी: अभ्यासक्रम १००, अध्यापन-अध्ययन आणि मूल्यमापन ३५०, संशोधन व विस्तारकार्य ११०, पायाभूत सुविधा १००, विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती १४०, प्रशासन १००, संस्थात्मक मूल्ये व उत्तम उपक्रम १००. विद्यापीठांसाठी हे बदलते. तिथे अध्यापनाला २०० आणि संशोधनाला २५०.

आता एक गणित करू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा एका कॉलेजला निकषवार असे गुण मिळाले: अभ्यासक्रम ३.४, अध्यापन २.६, संशोधन २.५, सुविधा ४.०, विद्यार्थी प्रगती २.४, प्रशासन ३.६, मूल्ये ३.९. प्रत्येकाला वजनाने गुणून बेरीज केली की ३,०११ येते. हजाराने भागले की ३.०१. कॉलेज ‘ए’ श्रेणीचे झाले. पण विद्यार्थ्याचा रोजचा संबंध ज्या दोन निकषांशी येतो, म्हणजे वर्गातले शिकवणे आणि पुढची प्रगती, त्यांत हे कॉलेज स्वतंत्रपणे पाहिले तर बी प्लस आणि बी आहे. चकचकीत इमारत, नीट ठेवलेली दप्तरे आणि सौरऊर्जेचे पॅनेल यांनी सरासरी वर ओढली. हे वाईट नाही, त्या गोष्टीही हव्यातच. पण मुलगा बीएस्सीला जाणार असेल तर त्याला शिकवायला कोण येणार हा प्रश्न मोठा आहे.

निकषवार गुणांचा तक्ता, ज्याला ग्रेडशीट म्हणतात, कॉलेजच्या संकेतस्थळावर किंवा नॅकच्या पोर्टलवर मिळतो. दोन कॉलेजांत निवड करायची असेल तर एकूण गुण बाजूला ठेवून फक्त निकष २ (अध्यापन) आणि निकष ५ (विद्यार्थी प्रगती) शेजारी शेजारी लिहा. एवढ्यानेही निम्मा गोंधळ संपतो, असा माझा अनुभव आहे.

पायरी ४: एसएसआर आणि समितीचा अहवाल

ग्रेडशीटमागे स्वयंअध्ययन अहवाल असतो. सगळे त्याला एसएसआरच म्हणतात. त्यात कॉलेजने पाच वर्षांची माहिती भरलेली असते. फाइल मोठी असते, सगळी वाचायची गरज नाही. तीन भाग शोधा.

२.४ हा भाग शिक्षकांचा. मंजूर पदे किती, त्यांपैकी पूर्णवेळ शिक्षक किती, त्यांच्यात नेट, सेट किंवा पीएचडी झालेले किती. महाराष्ट्रात हा भाग विशेष काळजीने वाचायला हवा, कारण प्राध्यापक भरती वर्षानुवर्षे रखडल्यामुळे अनेक अनुदानित कॉलेजांत सुद्धा वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या जोरावर चालतात. सीएचबीवर, म्हणजे या तासिका तत्त्वावर, काम करणारे माझे सहकारी जीव तोडून शिकवतात, याबद्दल दुमत नाही. पण जूनमध्ये सुरू व्हायला हवा तो विषय नेमणुका लांबल्यामुळे ऑगस्टपर्यंत सुरूच होत नाही, आणि दरवर्षी शिक्षक बदलतो. त्याची किंमत विद्यार्थी मोजतात.

२.६ मध्ये निकाल असतात. अंतिम वर्षाला बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले, ते पाच वर्षांचे पाहा. एखाद्याच वर्षी निकाल अचानक फुगलेला दिसला तर ते वर्ष बाजूला ठेवून बाकीचे वाचा. कोरोनाच्या काळातल्या ऑनलाइन परीक्षांचे निकाल बऱ्याच ठिकाणी असे आहेत.

५.२ म्हणजे पदवीनंतर काय झाले. नोकरी किती जणांना, पुढच्या शिक्षणाला किती गेले, स्पर्धा परीक्षांत किती. जोडलेल्या पुराव्यांत नेमणूकपत्रांच्या प्रती असतात. दहा-बारा चाळल्या तरी कोणत्या प्रकारच्या कंपन्या येतात आणि पगार काय, याचा अंदाज येतो.

यानंतर पीअर टीमचा अहवाल. बाहेरच्या विद्यापीठांतले प्राध्यापक येऊन पाहणी करतात आणि गुणात्मक निकषांवर लिहितात. भाषा सभ्य आणि गोलगोल असते, पण शेवटी बलस्थाने, उणिवा, संधी, आव्हाने आणि त्याखाली शिफारशी असतात. शिफारशी म्हणजेच उणिवांची यादी. ‘पूर्णवेळ शिक्षकांची भरती करावी’, ‘प्रयोगशाळा अद्ययावत कराव्यात’, ‘प्लेसमेंट कक्ष बळकट करावा’ अशी वाक्ये दिसली की त्यांचा सरळ अर्थ घ्या. मग दरवर्षी नॅकला पाठवला जाणारा एक्यूएआर उघडा आणि त्या शिफारशींचे पुढे काय झाले ते बघा. ज्या कॉलेजने दोन-तीन वर्षांत काही हालचाल केलेली दिसते, त्याच्याबद्दल मला विश्वास वाटतो, मग त्याची श्रेणी बी प्लस असली तरी.

या श्रेणीवर किती विश्वास ठेवायचा?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. पुण्याचे शास्त्रज्ञ भूषण पटवर्धन यांनी २०२३ मध्ये मूल्यांकनातल्या गैरप्रकारांबद्दल शंका मांडत नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्षपद सोडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने आंध्र प्रदेशातल्या एका संस्थेला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून नॅकच्या पाहणी समितीच्या अध्यक्षांसह सदस्यांना अटक केली, आणि त्यानंतर नॅकने शेकडो परीक्षकांना आपल्या यादीतून काढले. मनापासून काम करणाऱ्या कॉलेजांना या प्रकरणाचे जास्त दुःख झाले, कारण त्यांच्या खऱ्या श्रेणीकडेही लोक संशयाने बघू लागले.

दरम्यान पद्धतच बदलण्याचे ठरले आहे. इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींनुसार अक्षरी श्रेणी जाऊन ‘अधिस्वीकृत’, ‘अधिस्वीकृतीच्या प्रतीक्षेत’ आणि ‘अधिस्वीकृत नाही’ असे निकाल, आणि पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी १ ते ५ अशा परिपक्वतेच्या पातळ्या येणार आहेत. जानेवारी २०२४ मध्ये घोषणा झाली, अंमलबजावणी मात्र ठरलेल्या वेळापत्रकापेक्षा लांबली. या संक्रमणात काही कॉलेजांच्या पाटीवर जुनी श्रेणी आणि काहींच्या पाटीवर नवा शिक्का दिसेल. दोन्हींत तुलना करू नका. तुलना तक्त्यांची करा.

म्हणूनच मी वर एसएसआर वाचायला सांगितले. श्रेणी मिळवताना लबाडी होऊ शकते. पण ‘मंजूर पदे २४, पूर्णवेळ शिक्षक ९’ ही माहिती कॉलेजने स्वतः लिहून दिलेली असते, आणि ती तुम्ही कॉलेजात जाऊन पडताळू शकता.

पायरी ५: एनआयआरएफच्या क्रमांकामागची पीडीएफ

एनआयआरएफच्या २०२५ च्या यादीत एकूण क्रमवारीत आयआयटी मद्रास पहिली, विद्यापीठांत बंगळुरूची आयआयएससी पहिली आणि महाविद्यालयांत दिल्लीचे हिंदू कॉलेज पहिले. आयआयटी मुंबई एकूण क्रमवारीत तिसरी. या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात. त्यांचा सामान्य विद्यार्थ्याला उपयोग कमी.

विद्यापीठे आणि अभियांत्रिकीच्या गटात गुणांची वाटणी ढोबळमानाने अशी: अध्यापन व साधने ३०, संशोधन व व्यावसायिक काम ३०, पदवीधरांची निष्पत्ती २०, सर्वसमावेशकता १०, आणि नावलौकिक १०. शंभरातले तीस गुण संशोधनाचे आहेत, हे लक्षात घ्या. भरपूर शोधनिबंध आणि पीएचडी असलेली संस्था वर जाईल. पदवीच्या वर्गात जीव ओतून शिकवणारे, पण संशोधन बेताचे असलेले जिल्ह्याच्या गावचे कॉलेज यादीत दिसणारही नाही. बीईला प्रवेश घेणाऱ्याने क्रमांकापेक्षा अध्यापन आणि निष्पत्ती या दोन रकान्यांतले गुण बघावेत. एनआयआरएफच्या संकेतस्थळावर संस्थेच्या नावासमोर ते स्वतंत्र दिलेले असतात.

शिक्षकांच्या संख्येचे क्रमवारीत किती वजन आहे, ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या उदाहरणात दिसले. २०२४ मध्ये विद्यापीठांच्या गटात ते २३ वे होते आणि राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या नव्या गटात देशात तिसरे. २०२५ मध्ये विद्यापीठांच्या गटात ते ५६ वर आले. त्या वेळी सगळ्यात जास्त चर्चा झाली ती रिक्त प्राध्यापकपदांची. एनआयआरएफच्या सूत्रात पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असेल तर पूर्ण गुण मिळतात, आणि प्रमाण जसे बिघडते तसे गुण घटत जातात. पदे भरली नाहीत की क्रमांक घसरणारच. ज्या विद्यापीठाच्या नावावर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या शिकल्या, त्याची ही घसरण मला फार लागली. पण विद्यार्थ्याने एवढे समजून घ्यावे की या घसरणीमुळे त्याच्या तालुक्याच्या संलग्न कॉलेजात एका रात्रीत काही बिघडलेले नाही, आणि पूर्वी क्रमांक वर होता तेव्हाही त्याच्या कॉलेजला तो क्रमांक लागू नव्हता.

आता पीडीएफ. क्रमवारीत आलेल्या प्रत्येक संस्थेने भरलेली माहिती एनआयआरएफच्या संकेतस्थळावर असते. संस्थांनी ती स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवायची असते. त्यातला ‘प्लेसमेंट आणि उच्च शिक्षण’ हा तक्ता उघडा. एका ओळीत पहिल्या वर्षी प्रवेश घेतलेले, थेट दुसऱ्या वर्षात आलेले, ठरलेल्या मुदतीत पदवी मिळवलेले, नोकरी लागलेले, त्यांचा मध्यक पगार आणि पुढे शिकायला गेलेले असे आकडे असतात.

पुन्हा उदाहरणादाखल आकडे घेऊ. प्रवेश २४०, डिप्लोमा करून दुसऱ्या वर्षात आलेले २४, म्हणजे एकूण २६४. मुदतीत पदवी मिळाली १९८ जणांना. नोकरी ९२ जणांना, पुढचे शिक्षण ३१ जणांना. मध्यक पगार वार्षिक ४ लाख २० हजार. आता वाचा: चारपैकी एक विद्यार्थी वेळेत पास झाला नाही. पास झालेल्यांपैकी ६२ टक्क्यांना नोकरी किंवा पुढचा प्रवेश मिळाला. आत आलेल्या सगळ्यांच्या हिशेबाने हे प्रमाण ४७ टक्क्यांच्या आसपास येते. मध्यक पगार ४ लाख २० हजार म्हणजे नोकरी लागलेल्या ९२ पैकी निम्म्यांना त्याहून कमी मिळतात. याच कॉलेजच्या जाहिरातीत एका विद्यार्थ्याच्या ४० लाखांच्या पॅकेजचा फोटो असू शकतो, आणि तो फोटो खराही असू शकतो. पण तुमच्या मुलीने अपेक्षा धरायची ती मध्यकाची.

हा तक्ता सगळ्या शाखांचा एकत्र असतो. कॉम्प्युटरचे आकडे सिव्हिलच्या आकड्यांना झाकतात. म्हणून प्लेसमेंट कक्षाकडे शाखावार यादी मागायलाच हवी.

पीडीएफच्या पुढच्या भागात ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि वेतनावरचा खर्च असतो. तो विद्यार्थिसंख्येने भागून पाहा. त्यानंतर शिक्षकांची नावासह यादी असते: पद, पात्रता, अनुभव, कधी रुजू झाले. ज्या यादीत बहुतेकांची रुजू होण्याची तारीख गेल्या दोन वर्षांतली आहे, तिथे शिक्षक टिकत नाहीत असे समजायला जागा आहे.

‘१०१ ते १५०’ अशा पट्ट्यात असलेल्या संस्थांची नावे त्या पट्ट्यात वर्णानुक्रमे असतात. पट्ट्यात पहिले नाव म्हणजे १०१ वा क्रमांक नव्हे. आणि एनआयआरएफमध्ये भाग घेणे ऐच्छिक असल्यामुळे नाव नसलेले कॉलेज वाईटच असते, असेही नाही. २०२५ मध्ये देशभरातून सुमारे ७,७०० संस्थांनीच अर्ज केले होते.

मासिकांची, खासगी कंपन्यांची ‘टॉप १००’ यादी मी गणतीत धरत नाही. क्यूएस या परदेशी खासगी संस्थेच्या बाबतीत एक भेद माहीत असू द्या: क्यूएसची जागतिक क्रमवारी वेगळी, आणि संस्था शुल्क भरून करून घेते ते ‘क्यूएस स्टार्स’ वेगळे.

पायरी ६: एनबीए, तुमच्या शाखेपुरते

एनबीएच्या संकेतस्थळावर संस्थेचे नाव घातले की अभ्यासक्रमवार मुदत दिसते, तीन किंवा सहा वर्षांची. आपली शाखा त्या यादीत आहे का आणि तारीख उलटलेली नाही ना, ते पाहा. परदेशी जाऊन अभियंता म्हणून काम करायचा विचार असेल तर आणखी एक शब्द शोधा: टियर १. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या समकक्ष मानणाऱ्या देशांच्या कराराचा, पूर्ण सदस्य आहे, पण त्या करारातली समकक्षता एनबीएच्या टियर १ अभ्यासक्रमांनाच मिळते. टियर १ मध्ये स्वायत्त संस्था आणि विद्यापीठे येतात. साध्या संलग्न कॉलेजचे एनबीए टियर २ चे असते.

पायरी ७: कर्ज आणि शिष्यवृत्ती आधी जुळवा

क्रमवारीचा थेट पैशांशी संबंध येतो तो इथे. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तिच्यात तारण आणि जामीनदाराशिवाय शैक्षणिक कर्ज मिळते, पण ठरावीक ‘गुणवत्ताप्राप्त’ संस्थांसाठीच, आणि त्या ठरतात एनआयआरएफवरून: एकूण, गटवार किंवा विषयवार पहिल्या शंभरातल्या संस्था, राज्य शासनाच्या १०१ ते २०० मधल्या संस्था आणि केंद्र सरकारच्या संस्था. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. यादी दरवर्षी बदलते, म्हणून प्रवेशाच्या वर्षीची यादी विद्यालक्ष्मी पोर्टलवर बघा.

महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या राज्याच्या शुल्क सवलती मात्र नॅक किंवा एनआयआरएफकडे पाहत नाहीत. तिथे प्रवेश कॅपमधून झाला की व्यवस्थापन कोट्यातून, आणि कॉलेज संलग्न आहे की अभिमत किंवा खासगी विद्यापीठ, यावर सगळे ठरते. ए प्लस प्लस असलेल्या अभिमत विद्यापीठात गेल्यावर ‘इथे ती योजना नाही’ हे कळणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. पैसे भरण्याआधी समाजकल्याण किंवा तंत्रशिक्षणाच्या कार्यालयात, किंवा निदान कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाकडे, योजनेचे नाव घेऊन स्पष्ट विचारा. मंजूर शुल्क किती ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. कॉलेजने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहा.

पायरी ८: कॉलेजात जाताना

प्रवेशाच्या धामधुमीत नको, शनिवार सोडून कोणत्याही कामाच्या दिवशी दुपारी जा. स्वागतकक्षात बसून माहितीपत्रक घेण्यापेक्षा सूचना फलक वाचा: चालू सत्राचे वेळापत्रक लागले आहे का, त्यात शिक्षकांची नावे आहेत की काही तासांपुढे मोकळी जागा आहे. ग्रंथालयात देवघेवीची नोंदवही किंवा संगणकावरची नोंद चालू आठवड्याची आहे का ते बघा. प्रयोगशाळेत उपकरणावर धूळ असेल तर ती दिसतेच.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा. ‘कॉलेज कसे आहे?’ विचारले तर ‘चांगले आहे’ एवढेच येते. त्याऐवजी विचारा: मागच्या सत्रात कोणता विषय शेवटच्या पंधरा दिवसांत उरकला? नॅकची समिती येऊन गेल्यावर काय बंद झाले? कंपनी कॅम्पसला आली, की पूलमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्रित भरतीसाठी, दुसऱ्या कॉलेजात जावे लागले? अशा प्रश्नांना मुले खरी उत्तरे देतात.

कार्यालयात तुमच्या हातात निकष २ आणि ५ चे गुण आणि एनआयआरएफची ओळ लिहिलेला कागद असू द्या. प्राचार्य किंवा विभागप्रमुख तो कागद पाहून नीट समजावून सांगतात की विषय बदलतात, यावरून बरेच कळते. शासकीय आणि अनुदानित कॉलेजांकडून मंजूर आणि भरलेल्या पदांची माहिती माहितीच्या अधिकारातही मागता येते. निवडीला वेळ असेल तर अकरावीतच अर्ज टाका.

पायरी ९: प्रवेश झाल्यावर

नॅकच्या प्रक्रियेत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असते. कॉलेजने दिलेल्या यादीतल्या विद्यार्थ्यांना नॅककडून थेट ईमेल जातो आणि शिकवण्याबद्दल प्रश्न विचारले जातात. उत्तरे अध्यापनाच्याच निकषात मोजली जातात. प्रत्यक्षात कितीतरी मुलांपर्यंत हा ईमेल पोहोचत नाही, कारण प्रवेश अर्ज सायबर कॅफेत भरलेला असतो आणि ईमेलच्या रकान्यात कॅफेवाल्याचाच पत्ता असतो. अर्ज भरताना स्वतःचा, रोज उघडला जाणारा ईमेल पत्ता द्या, तो चुकला असेल तर कॉलेजच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन बदलून घ्या. सर्वेक्षण आले की कोणाच्या देखरेखीखाली, संगणक कक्षात रांगेने बसून भरू नका. घरी बसून भरा, आणि मोकळ्या रकान्यात कोणता विषय किती तास शिकवला गेला ते आकड्यांत लिहा.